कच्चं मडकं आणि तिसऱ्या दिवसाचा ठणका

दाढ काढल्यावर पहिला दिवस कसाबसा निघतो. दुसऱ्या दिवशी बरं वाटायला लागतं. माणूस मऊ वरण-भात खातो, विचारपूस करायला आलेल्यांशी दोन शब्द बोलतो. आणि त्याच रात्री, नाहीतर तिसऱ्या दिवशी पहाटे, ठणका सुरू होतो. काढलेल्या दाढेच्या जागेपासून निघालेली कळ कानात शिरते, कानशिलात चढते, कधी डोळ्यामागे जाऊन बसते. दाढ तर डॉक्टरांच्या कचऱ्याच्या डब्यात गेली. मग आता हे दुखतंय काय?

अशा वेळी घरातलं एखादं वडीलधारं माणूस मायेनंच म्हणतं, "सोसावंच लागतंय माय. भोग हायेत, भोगल्याबिगर सुटत न्हाईत." हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात ऐकू येईल असं हे वाक्य. त्यात धीर आहे, आणि सोसण्याची एक जुनी, कमावलेली ताकदही आहे. पण त्यात एक सिद्धांतही दडलेला आहे: वेदना ही मागच्या कशाची तरी फेड असते आणि ती मुकाट्यानं भोगणं हाच धर्म. दाढेच्या रिकाम्या खळगीपुरता तरी हा सिद्धांत तपासून पाहिलाच पाहिजे, कारण त्याच्यापायी माणसं आठ-आठ, दहा-दहा रात्री जागून काढतात. प्रत्यक्षात त्यांचा त्रास दवाखान्यातल्या पंधरा-वीस मिनिटांत पुष्कळ कमी होण्यासारखा असतो.

तपासायला हिंगोलीइतकी योग्य भूमी दुसरी नाही. कयाधूच्या काठी नर्सी हे गाव आहे. संत नामदेवांचं हे जन्मगाव, परंपरेनं जन्मसाल १२७०. आणि नामदेवांच्या चरित्रातला सगळ्यात गाजलेला प्रसंग, नीट पाहिलं तर, दुखण्याबद्दलचाच आहे.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तेरला गोरा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. यातली पक्की मडकी किती आणि कच्ची किती ते सांगा, असं मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना म्हटलं. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर थापट्या मारत निघाले. सगळे निमूट बसून राहिले. नामदेवांच्या डोक्यावर थापटी पडली तेव्हा मात्र त्यांनी तक्रार केली. निकाल लागला: हे मडकं कच्चं. दुखावलेले नामदेव पंढरपूरला विठ्ठलाकडे गेले, आणि देवानंच त्यांना गुरू करायला सांगितलं. ते औंढ्याला आले. तिथे नागनाथाच्या पिंडीवर पाय ठेवून विसोबा खेचर निजले होते. पाय उचलून नेमके कुठे ठेवायचे, हे नामदेवांना सापडेना, कारण जिथे ठेवावेत तिथे पिंड. औंढ्याचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेनं वाकून, पायऱ्या उतरून आत जावं लागतं. ती गोष्ट ऐकून मग तिथे उतरणाऱ्या माणसाला ती कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळते.

पण कीर्तनातून घरी परतताना श्रोता बरोबर नेतो तो औंढ्याचा अर्धा भाग नव्हे, तेरचा अर्धा. जो ओरडला तो कच्चा, जो गप्प राहिला तो पक्का. हीच शिकवण मग आजारपणात वापरली जाते, विशेषतः बायकांच्या बाबतीत. लेकुरवाळी बाई तीन रात्री झोपली नाही तरी सकाळी चूल पेटवते, आणि तिच्या गप्प राहण्याचं कौतुक होतं.

त्या तिसऱ्या रात्री तोंडात नेमकं काय चाललेलं असतं, ते आधी पाहू.

दाढ निघाल्यावर जबड्याच्या हाडात तिच्या मुळांच्या आकाराची खळगी उरते. ती रक्तानं भरते, रक्त गोठतं आणि गुठळी होते. ही गुठळी म्हणजे घाण नव्हे, तीच जखमेवरची पट्टी. तिच्या खाली हाड झाकलेलं राहतं, तिच्यातूनच नवी ऊती वाढते, काही आठवड्यांत वर हिरडीची कातडी धरते आणि पुढच्या काही महिन्यांत खळगी हाडानं भरून येते. पण कधीकधी ही गुठळी विरघळून जाते किंवा निसटते. मग खळगी रिकामी पडते, आतलं हाड उघडं राहतं, त्यावर लाळ, हवा आणि अन्नाचे कण लागत राहतात. ठणका येतो तो त्या उघड्या हाडातून. तोंडाला घाण वास येतो, चव बिघडते. आरशात पाहिलं तर लालसर गुठळीऐवजी करड्या, पांढुरक्या भिंतींचा खड्डा दिसतो. दंतवैद्यकात याला कोरडी खळगी म्हणतात, इंग्रजी नावानं 'ड्राय सॉकेट'. १८९६ साली क्रॉफर्ड यांनी हे नाव वापरलं तेव्हापासून ते चालत आलं आहे. गुठळी अकाली का विरघळते याचा पाठपुरावा १९७०च्या दशकात डेन्मार्कच्या बर्न यांनी केला. शरीरात गुठळ्या विरघळवणारी एक यंत्रणा असतेच. जखमी हाडातून सुटणारे पदार्थ आणि जंतू तिला वेळेआधी जागं करतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आजही मोठ्या प्रमाणावर तेच मानलं जातं.

शंभर दाढा काढल्या तर साधारण एक ते पाच जणांना हा त्रास होतो. खालच्या जबड्यातली अडकलेली अक्कलदाढ काढली असेल तर प्रमाण बरंच वाढतं, काही पाहण्यांमध्ये तीसच्या आसपास. खालचं हाड घट्ट आणि त्याला रक्तपुरवठा कमी, हे त्याचं एक कारण. दाढ काढताना फार खटपट करावी लागली असेल, आधीच पू झालेला असेल, बाई गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल किंवा माणूस विडी-सिगारेट ओढत असेल, तर धोका वाढतो.

या यादीत पूर्वजन्म कुठेच येत नाही. हे वाक्य टोमणा म्हणून लिहिलेलं नाही, कारण धर्मग्रंथांनीही हीच गोष्ट फार पूर्वी सांगितलेली आहे, आणि ती लोकांपर्यंत पोचली नाही याचं दुःख वाटावं अशीच ती आहे.

पाली त्रिपिटकातल्या संयुक्त निकायात सीवक नावाचा एक परिव्राजक बुद्धांना नेमका हाच प्रश्न विचारतो. माणसाला जे काही सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच होतं असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं मत काय? बुद्ध उत्तरात आठ कारणं मोजतात. काही वेदना पित्तानं होतात, काही कफानं, काही वातानं, काही तिन्हींच्या एकत्र बिघाडानं, काही ऋतू बदलल्यानं, काही निगा न राखल्यानं, काही बाहेरून झालेल्या आघातानं, आणि काही कर्माच्या विपाकानं. म्हणजे कर्म आहे, पण आठातलं एक. सगळं त्याच्यावर ढकलणारे जे स्वतःला अनुभवानं कळतं आणि जगाला उघड दिसतं त्याच्या पलीकडे उडी मारतात, असं बुद्ध तिथे स्पष्ट सांगतात. निगा न राखल्यानं आणि आघातानं, ही दोन कारणं दाढेच्या खळगीला अगदी चपखल लागतात. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात आजच्या दुःखाचं खापर मागच्या जन्मावर फोडण्याची कल्पना ठामपणे नाकारली. हिंगोली जिल्ह्यातल्या अनेक घरांत तो ग्रंथ आहे.

आयुर्वेदही वेगळं सांगत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आत्रेयांना विचारतो, आयुष्य ठरलेलं असतं की नसतं? आत्रेयांचं उत्तर असं की दैव आणि पुरुषकार, म्हणजे मागचं केलेलं आणि आत्ता केलेलं, या दोघांच्या बळावर ते अवलंबून असतं. सगळंच ठरलेलं असतं तर औषधाला, पथ्याला, मंत्राला, कशालाच अर्थ उरला नसता. वैद्यक हे शास्त्र उभंच राहतं ते या उत्तरावर.

मग मुकाट्यानं सोसण्याची शिकवण आली कुठून? तिचंही घराणं मोठं आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'विवेकचूडामणी'त तितिक्षेची व्याख्या येते: प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सगळी दुःखं सहन करणं. 'प्रतिकार न करता' हे शब्द तिथे खरोखर आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. पण ते कुणाला सांगितलेत? जो घरदार सोडून मोक्षाच्या वाटेला लागला आहे, त्या साधकाला. त्यानं स्वतःहून निवडलेलं ते व्रत आहे. सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या मजूर बाईनं ते निवडलेलं नसतं. तिच्यावर ते घातलेलं असतं, आणि पुष्कळदा एवढ्याचसाठी की दवाखान्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, सोबत कुणीतरी लागतं, गाडीभाडं लागतं. गरिबीला तितिक्षेचं नाव देणं हा त्या शब्दाचाही अपमान आहे.

एक उदाहरण मोठ्या माणसाचं. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज'मध्ये डॉक्टर आणि इस्पितळं यांच्यावर कडाडून टीका केली होती. पंधरा वर्षांनी, जानेवारी १९२४ मध्ये, येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांचं आंत्रपुच्छ दुखू लागलं आणि पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मधेच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. सोसण्याला ज्यांनी राजकारणातलं शस्त्र बनवलं, त्यांनीही त्या दिवशी पोटदुखी सोसत बसणं म्हणजे सत्याग्रह असं मानलं नाही.

आता पुन्हा तेरकडे. गोरोबाकाकांनी परीक्षा कशाची घेतली? कीर्तनकार नीट निरूपण करतात तेव्हा ते सांगतात की नामदेवांचं कच्चेपण अभिमानात होतं. देव माझ्याशी बोलतो, माझ्या हातचा नैवेद्य खातो, मग माझ्या डोक्यावर थापटी? थापटीनं डोकं दुखलं असेल-नसेल, मन दुखावलं होतं. म्हणूनच औंढ्याला त्यांना जे शिकायला मिळालं त्यात वेदना सोसण्याचा धडाच नाही. देव एका ठिकाणी, एकाच्या मालकीचा नाही, एवढंच विसोबांनी दाखवलं. सोसणं शिकवायचं असतं तर विसोबांनी आणखी चार थापट्या मारल्या असत्या.

आणि कुंभाराच्या हाताला तर याहून साधी गोष्ट माहीत असते. भाजलेलं मडकं घेताना बाया ते बोटानं वाजवून पाहतात. पक्कं असेल तर खणखणीत वाजतं. तडा गेलेलं बद्द आवाज करतं. टिचकीला उत्तर देणं ही मडक्याची खोड नाही, तेच त्याच्या पक्केपणाचं लक्षण.

दंतवैद्यही असंच वाजवून पाहतात. तोंडात घालायचा छोटा आरसा उलटा धरायचा आणि त्याच्या दांडीच्या टोकानं एकेका दातावर हलकंच टकटक करत जायचं. "इथे? इथे? आणि इथे?" इथे गप्प बसणारा माणूस डॉक्टरांची वाटच अडवतो. खळगी कोरडी पडली असेल तरी शेजारच्या दाढा अशा वाजवून पाहाव्या लागतात, कारण दुखणं खळगीचं आहे की शेजारणीचं, हे रोग्याच्या तोंडून निघालेल्या "हां, इथं" शिवाय कळणं कठीण. वेदना सांगणं हे रोग्याचं काम आहे, आणि उपचाराचं पहिलं पाऊलही तेच.

पुढचं काम दिसायला साधं असतं. बोथट सुईच्या सिरिंजमधून कोमट सलाइन हळूहळू सोडून खळगी धुतात. अडकलेली शितं, भाकरीचे कण, जुन्या गुठळीचा उरलेला भाग बाहेर येतो. खरवडत नाहीत, कारण त्यानं हाड आणखी दुखावतं. मग लवंगेच्या अर्कानं, म्हणजे युजेनॉलनं, भिजवलेली गॉझची पट्टी किंवा तयार औषधी लगदा चिमट्यानं अलगद खळगीत बसवतात. खोलीत लवंगेचा वास पसरतो. थोड्याच वेळात, बऱ्याचदा रोगी खुर्चीवरून उठायच्या आत, आवळून धरलेला जबडा सैल होतो, खांदे खाली येतात. तीन रात्री न झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसतं ते पाहिल्यावर, हा त्रास भोगूनच संपवायला हवा होता असं म्हणायची कुणाची जीभ रेटणार नाही.

पट्टी एक-दोन दिवसांनी बदलावी लागते. गॉझ असेल तर ती काढायला परत जायलाच हवं, आत विसरून चालत नाही. सोबत डॉक्टर वेदनाशामक गोळी देतात. अँटिबायोटिक बहुतेकांना लागत नाही, कारण हा मुळात पुवाचा रोग नाही. तरी मेडिकलवाल्याकडून परस्पर दोन-चार कॅप्सूल आणून खाणारे पुष्कळ असतात. त्यानं ठणका थांबत नाही, तीन दिवस मात्र वाया जातात. आठवड्या-दहा दिवसांत हे दुखणं आपोआपही शमतं, ही गोष्ट खरी. "भोग सरले" असं वाटतं ते त्यामुळेच. पण ताप आला, गालावर किंवा गळ्याखाली सूज चढली, पू आला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर ते कोरड्या खळगीचं दुखणं नव्हे. ते पसरणारं इन्फेक्शन असतं, आणि त्या वेळी रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात जावं.

कळ डोळ्यामागे जाते म्हणून आणखी एक भीती मराठवाड्यात घर करून आहे. वरची दाढ काढली की नजर जाते. ही भीती अडाणीपणाची म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात वरचा दात हलत असला तरी वैद्यानं उपटू नये असं सांगितलं आहे, कारण फार रक्त जाऊन रोगी एका डोळ्यानं आंधळा होऊ शकतो, तोंड वाकडं होऊ शकतं. रक्त थांबवायची आजच्यासारखी साधनं नव्हती तेव्हा सावध वैद्यानं दिलेला तो इशारा होता. आज माहीत आहे की दृष्टीची नस वेगळी आणि दातांची वेगळी. दात, कानशील आणि डोळ्याभोवतीचा भाग यांची संवेदना एकाच मोठ्या नसेच्या फांद्यांतून मेंदूकडे जाते, म्हणून दाढेची कळ तिकडे जाणवते, एवढंच.

घरगुती उपायांतही मायाच असते, पण खळगीला ती मानवत नाही. हळदीचा हा जिल्हा, वसमतच्या बाजारात हळदीची पोती उतरतात, तेव्हा जखम म्हटली की हात हळदीच्या डब्याकडे जाणारच. पण खळगीत दाबलेली हळदीची पूड, हिंग किंवा तंबाखूची चिमूट आत अडकून बसते आणि तीच मग धुऊन काढावी लागते. लवंगेचं तेल दवाखान्यात वापरतात म्हणून घरी थेट ओतणंही बरं नाही. तेच औषध मात्रा चुकली की ऊती जाळतं.

आणि मिश्री. सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना मिश्री चोळल्याशिवाय ज्यांना करमत नाही, किंवा ज्यांची तंबाखू-चुन्याची डबी खिशात असते, त्यांच्यासाठी दाढ काढल्यानंतरचे पहिले तीन दिवस खरे कसोटीचे असतात. विडीचा झुरका म्हणजे एकाच वेळी ओढ आणि धूर. ओढीनं गुठळी हलते आणि निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. मिश्री म्हणजे बोट चोळणं आणि वरून पिंका टाकणं. डॉक्टर सांगतात ते पथ्य एवढंच असतं: कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, पहिला दिवस चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही, जीभ किंवा काडी खळगीत घालायची नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाण्यानं, पाणी तोंडात नुसतं फिरवून, हळू गुळण्या करायच्या. क्लोरहेक्सिडिनचं औषध डॉक्टरांनी दिलं असेल तर त्यानं धोका बराच कमी होतो, असं चाचण्यांमधून दिसलं आहे.

तितिक्षेची खरी जागा इथे आहे. सोसायची असते ती तल्लफ. एकादशी निर्जळी करणारी, वारीत अनवाणी चालणारी माणसं या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यांना तीन दिवस तंबाखूला हात न लावणं जमणार नाही असं कुणी म्हणू नये. फक्त ते व्रत कशासाठी, हे कुणीतरी त्यांना दाढ काढायच्या आधी, त्यांच्या बोलीत, दोन मिनिटं बसून सांगायला हवं. छापील कागद हातात देऊन हे होत नाही. एकदा समजलं की मग वाट पाहण्यालाही अर्थ येतो. खळगीतली ती लाल गुठळी आपलं काम करते आहे, तिला हात लावायचा नाही, पाहायचीसुद्धा नाही. आणि तिसऱ्या दिवशी तरीही ठणका लागलाच, तर तो आपल्या चुकीमुळेच असं नव्हे. सगळं पथ्य पाळूनही काहींना तो होतो. तेव्हा सोसण्याचा काळ संपलेला असतो आणि सांगण्याची वेळ आलेली असते.

दुसऱ्यांदा पट्टी बदलताना डॉक्टर आरसा आत नेतात, दिवा सरळ करतात आणि तळाशी पाहतात. करड्या हाडावर कडेकडेनं बारीक लालसर दाणे धरू लागलेले असतात, ओल्या भिंतीवर शेवाळ धरावं तसे. "भरतंय," ते म्हणतात. पट्टी या वेळी आधीपेक्षा लहान कापतात, आणि आरशाची दांडी उलटी करून शेजारच्या दाढेवर एकदा टकटक करतात. "इथे?"

"न्हाई," रोगी मोठ्यानं सांगतो.